अ‍ॅडिसनच्या रुग्णाला काय विचारावे : ठाणे-नवी मुंबईतील हार्मोनतज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईत अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांवर उपचार करणारे सर्व तज्ज्ञ डॉक्टर

विषय : अ‍ॅडिसन विकाराच्या रुग्णांची लक्षणे आणि रोजचे जगणे मोजण्यासाठी मराठी प्रश्नावली

सविनय नमस्कार.

मी नौपाड्यात राहणारी एक निवृत्त मराठी शिक्षिका आहे आणि गेली अकरा वर्षे मला अ‍ॅडिसनचा विकार आहे. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असणाऱ्या माझ्या दोन्ही अ‍ॅड्रिनल ग्रंथी क्षयाने निकामी केल्या. त्या शरीराला कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन ही जी हार्मोन्स पुरवत असत, त्यांची भरपाई मी हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइड गोळ्यांनी करते. दर तीन महिन्यांनी मी आपल्यापैकी एका डॉक्टरांकडे तपासणीसाठी जाते. तिथे माझे वजन होते, बसवून आणि उभे करून रक्तदाब पाहिला जातो, सोडियम-पोटॅशियमचा कागद वाचला जातो आणि मग डॉक्टर अगदी आपुलकीने विचारतात, "कशा आहात?" मी म्हणते, "बरं आहे." अकरा वर्षांत हे उत्तर मी चाळीसेक वेळा दिले असेल आणि त्यांतल्या निम्म्या वेळा तरी ते खरे नव्हते. मी खोटे बोलत होते असेही नाही. बाहेर वीस माणसे ताटकळत बसलेली असताना डॉक्टरांसमोर जे म्हणण्याची आपली रीत आहे, ते मी म्हणत होते. माझी फाइल आता वीतभर जाड झाली आहे. तिच्यात प्रत्येक वेळचे सोडियम आहे. मात्र कोणत्या वर्षी मी दुपारी अंथरुणाला पाठ न टेकता दिवस काढू शकत होते आणि कोणत्या वर्षी नाही, हे त्या फाइलवरून कोणालाही सांगता येणार नाही.

ही नोंद नसणे इतर दुखण्यांत कदाचित चालून जाईल, पण अ‍ॅडिसनमध्ये ते चालू नये असे मला वाटते आणि त्याचे कारण आपण माझ्याहून चांगले जाणता. थायरॉइडच्या रुग्णाला टीएसएच ही रक्ततपासणी आहे, मधुमेह्याला तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारे एचबीएवनसी आहे. हायड्रोकॉर्टिसोनचा डोस नेमका बसला आहे की नाही हे सांगणारा असा एकही आकडा रक्तातून मिळत नाही. पोटातून घेतलेले हायड्रोकॉर्टिसोन रक्तात सुमारे दीड तासात निम्म्यावर येते, त्यामुळे सकाळी अकराला काढलेल्या रक्तातले कॉर्टिसॉल फार तर मी गोळी किती वाजता घेतली एवढेच सांगेल. म्हणूनच अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, हा डोस ठरवताना हार्मोनच्या तपासण्यांवर न जाता वजन, उभे राहिल्यावरचा रक्तदाब, रुग्णाची ऊर्जा आणि स्टेरॉइड जास्त झाल्याची चिन्हे यांवरून निर्णय घ्यावा, असे सुचवले आहे. वजनासाठी काटा आहे, रक्तदाबासाठी यंत्र आहे. ऊर्जेसाठी मात्र "कशा आहात?" एवढेच आहे. यादीतल्या ज्या गोष्टीवर माझा सगळा दिवस अवलंबून आहे, तीच अंदाजाने मोजली जाते.

लंडनच्या गाइज रुग्णालयातील थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन केले, तेव्हा बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी येऊन दोनच वर्षे झाली होती. त्यांच्याकडे सोडियम मोजण्याची सोय नव्हती आणि हार्मोन ही कल्पनाच अजून जन्मायची होती. त्यांनी अकरा रुग्णांच्या हकिगती दिल्या आणि जी लक्षणे नोंदवली त्यांत रक्ताची कमतरता, सर्व देहाला आलेली मरगळ, हृदयाचे क्षीण ठोके, पोटाच्या तक्रारी आणि त्वचेचा बदललेला रंग यांचा समावेश होता. यांतली मरगळ तर रुग्णाने सांगितल्याशिवाय कळण्यासारखी नव्हती. रुग्णाचे सांगणे हेच तेव्हा बरेचसे निदान होते. पुढे अ‍ॅड्रिनल ग्रंथींच्या हार्मोन्सवरील कामासाठी केंडल, राइखस्टाइन आणि हेंच यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले, औषध हाती आले आणि अ‍ॅडिसनचे रुग्ण जगू लागले. जगण्याचा प्रश्न सुटल्यावर कसे जगायचे हा प्रश्न उरतोच. नॉर्वेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, कामाच्या वयाच्या अ‍ॅडिसन रुग्णांपैकी २६ टक्के लोक प्रकृतीमुळे काम करण्यास असमर्थ ठरलेले आढळले. तिथल्या सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण १० टक्के होते. ही सगळी माणसे उपचार घेत होती, आणि तेही जिथे औषध आणि डॉक्टर दोन्ही सहज मिळतात अशा देशात.

आता मोजायचे कशाने, हा प्रश्न. जगभर सर्वाधिक वापरली जाणारी एक प्रश्नावली एसएफ-३६ या नावाची आहे. तिच्या मूळ इंग्रजी मसुद्यात मध्यम श्रमाची उदाहरणे म्हणून टेबल हलवणे, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणे, बोलिंग आणि गोल्फ खेळणे अशी कामे दिलेली आहेत. मी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नाही आणि माझ्या ओळखीच्या कोणी धरली असेल असे वाटत नाही. माझे मध्यम श्रम म्हणजे पिण्याच्या पाण्याची कळशी ओट्यावर चढवणे, ओले कपडे पिळून गॅलरीतल्या उंच दोरीवर टाकणे, चाळीस पोळ्यांची कणीक मळणे आणि ठाणे स्टेशनात दोन नंबरच्या फलाटावर उतरून, गर्दीच्या रेट्यात पूल चढून, वाशीची गाडी पकडायला नऊ-दहा नंबरच्या फलाटांपर्यंत पोचणे. यांपैकी शेवटचे काम माझ्या मते सर्वोत्तम तपासणी आहे, कारण तो जिना दर महिन्याला तेवढाच असतो. मी मात्र कधी एका दमात चढते आणि कधी मध्ये कठड्याला धरून उभी राहते.

अशा सर्वसाधारण प्रश्नावल्यांची आणखी एक मर्यादा आहे. त्या सगळ्याच आजारांसाठी असल्यामुळे अ‍ॅडिसनच्या खास खुणा त्यांत येत नाहीत. खारट खाण्याची ओढ, उठताना डोळ्यांपुढे येणारी अंधारी आणि साध्या तापाचीही वाटणारी धास्ती यांबद्दल त्या काहीच विचारत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी नॉर्वेतील संशोधकांनी इतर युरोपीय देशांतल्या सहकाऱ्यांबरोबर अ‍ॅडीक्यूओएल नावाची खास अ‍ॅडिसनची प्रश्नावली तयार केली. सुधारलेल्या रूपात तिच्यात ३० प्रश्न आहेत आणि ते थकवा, भावना, शारीरिक लक्षणे आणि झोप, लैंगिक जीवन, मध्येच येणारी इतर आजारपणे अशा विषयांवर आहेत. नॉर्वे, स्वीडन, जर्मनी, इटली आणि पोलंड या पाच देशांतल्या रुग्णांवर ती पडताळून पाहिलेली आहे. अकरा वर्षांत ती माझ्यापुढे मराठीत कोणी ठेवली नाही. एकदा इंग्रजीत ठेवली गेली होती, तीही एका तरुण डॉक्टरांच्या प्रबंधासाठी. मी शिक्षिका असल्यामुळे ती भरू शकले. माझ्या शेजारच्या खुर्चीवर दिव्याहून आलेली एक बाई बसली होती, तिने ती मुलाकडे दिली आणि मुलाने आईला न विचारताच खुणा केल्या.

मराठीकरण म्हणजे इंग्रजीसमोर मराठी शब्द ठेवणे असे कोणी समजत असेल तर मला थोडे विस्ताराने बोलू द्यावे. हा विषय माझ्या जन्माच्या कामाचा आहे. इंग्रजीत एका शब्दात बसणारा थकवा मराठीत निदान पाच घरांत राहतो. काम करून येतो तो शीण, आणि तो रात्रीच्या झोपेने जातो. कामाशिवाय अंगावर बसून राहते ती मरगळ. हातापायांतले बळ निघून जाते ते गळून जाणे. डोळे मिटू लागतात आणि माणूस अर्धवट शुद्धीत असल्यासारखा होतो ती ग्लानी. पाचवा शब्द डॉक्टरांना सर्वांत जास्त फसवतो, तो म्हणजे कंटाळा. आमच्याकडे बायका "अंगाला कंटाळा आलाय" म्हणतात तेव्हा त्यांना करमणूक हवी असते असे नाही. त्यांना उठवत नसते. अ‍ॅडिसनमध्ये गोळी कमी पडते तेव्हा मरगळ येते आणि गळून जायला होते. शीण तर निरोगी माणसालाही येतो. सरळ "थकवा जाणवतो का?" असे विचारले तर घरकाम करणारी प्रत्येक बाई "हो" म्हणेल आणि तो प्रश्न काहीच मोजणार नाही. "काहीही काम न करता सकाळी उठल्याउठल्या हातापायांत बळ नाही असे मागच्या आठवड्यात किती दिवस झाले?" असे विचारले तर उत्तर निराळे येईल.

चक्करचेही तसेच. "चक्कर येते का?" या प्रश्नाला होकार देणाऱ्यांपैकी कोणाला घर गरगर फिरल्यासारखे वाटत असते आणि तो बहुधा कानाचा दोष असतो, कोणाला भोवळ येऊन तोल जात असतो, तर कोणाला पाटावरून किंवा पलंगावरून उठताना क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येत असते. आपल्याला हवी असते ती ही तिसरी, कारण ती मीठ आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन कमी पडत असल्याचे सांगते. अंधारी हा शब्द प्रत्येक मराठी घरात आहे, मग तो प्रश्नात का नसावा? खारट खाण्याच्या ओढीबद्दल विचारतानाही "खारट आवडते का?" असे विचारू नये, ज्या घरात पानात लोणचे, पापड आणि वर मीठ असते, तिथे या प्रश्नाला अर्थ नाही. निदान होण्याआधीच्या त्या सहा महिन्यांत मी बरणीतल्या लिंबाच्या लोणच्याचा खार चमच्याने चोरून खात होते. कोणी "वरून मीठ घेता का, नुसता खार खाता का?" असे विचारले असते तर मी लाजत का होईना, हो म्हटले असते. त्याच काळात माझा रंग काळवंडत होता, तळहातांच्या रेषा आणि हिरड्या गडद झाल्या होत्या, आणि नातेवाईक "उन्हात फार फिरतेस" म्हणत होते. आपल्या वर्णाच्या माणसांत रंग बदलल्याचे इतरांना उशिरा कळते, तेव्हा तोही प्रश्न "काळ्या झालात का?" असा न विचारता "जुना फोटो शेजारी ठेवला तर फरक दिसतो का?" असा विचारावा.

उत्तरांच्या पर्यायांबद्दल एक तक्रार. "पूर्णतः सहमत, अंशतः सहमत, अंशतः असहमत" या पायऱ्या परीक्षेच्या कागदावर शोभतात. घरात त्या बोलीने कोणी बोलत नाही. त्यातून प्रश्न नकारार्थी असला की गोंधळ ठरलेला. "मला दिवसभर थकवा जाणवत नाही" या वाक्याशी असहमत होताना शिकलेली माणसेही चुकतात, कारण मराठीत "हो, जाणवत नाही" आणि "नाही, जाणवत नाही" ही दोन्ही उत्तरे एकाच अर्थाची असू शकतात. आठवड्यातले किती दिवस, दिवसातले किती तास असे विचारले तर ही अडचण उरत नाही. "आपण" हा आदरार्थी शब्दही टाळावा असे मी सुचवेन, "आपण लवकर थकतो का?" असे वाचून एका आजींनी मला विचारले होते की हे माझ्याबद्दल आहे की आपल्या सगळ्यांबद्दल. "तुम्हाला" पुरेसे आहे. शिवाय त्या रचनेत थकतो-थकते हा लिंगाचा प्रश्नही सुटतो.

अशा भाषांतराची रीत आता सर्वत्र ठरलेली आहे. मूळ मालकांची परवानगी घ्यायची, दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे, ते दोन्ही मसुदे एकत्र करून एक करायचा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून तो उलट इंग्रजीत आणायचा आणि शेवटी काही रुग्णांसमोर बसून प्रत्येक प्रश्न त्यांना काय समजला हे विचारायचे. यातली शेवटची पायरी घाईत उरकली जाते. ती उरकू नये, आणि ते रुग्ण फक्त नौपाडा-पाचपाखाडीतले किंवा वाशीच्या सोसायट्यांतले नसावेत. कळवा, दिवा, तुर्भे, घणसोली इथली आगरी-कोळी बोली बोलणारी, घाटावरून आलेली, मराठवाड्यातून आलेली माणसे त्यांत असावीत. माझा "गळून जाणे" त्यांच्याकडे कोणत्या शब्दाने ओळखला जातो हे त्यांच्याकडूनच कळेल.

शब्दांइतकेच महत्त्व घड्याळाला आहे आणि माझ्या मते सगळ्याच प्रश्नावल्या इथे उण्या पडतात. "गेल्या चार आठवड्यांत तुम्हाला कसे वाटले?" या प्रश्नाला अ‍ॅडिसनचा रुग्ण प्रामाणिक उत्तर देऊच शकत नाही, कारण एका दिवसात तो तीन निरनिराळी माणसे असतो. निरोगी माणसाचे कॉर्टिसॉल पहाटे चढू लागते, जागे होण्याच्या सुमारास सर्वांत वर असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. आम्ही हा चढउतार दोन-तीन गोळ्यांनी बसवू पाहतो. सुरुवातीला मला सकाळी साडेसहाला १५ मिलिग्रॅम आणि दुपारी दोनला ५ मिलिग्रॅम अशी मात्रा होती. तेव्हा मी शाळेत शिकवत होते. दुसऱ्या तासापर्यंत मी छान असे, आणि साडेअकराच्या पुढे, जेवणाच्या सुट्टीच्या आधीच्या तासाला, फळ्यावर लिहिता लिहिता खडू जड होई, विद्यार्थ्याचे नाव आठवेनासे होई आणि क्षुल्लक कारणावरून मी मुलांवर ओरडे. तपासणी संध्याकाळी सातला असे, तोवर दुपारची गोळी घेऊन मी घरी पडून आलेली असे आणि "बरं आहे" म्हणत असे.

एक वर्ष असे गेल्यावर मी उत्तरपत्रिका तपासण्याच्या सवयीने एक शंभर पानी वही आखली. उभ्या रकान्यांत सहा, नऊ, साडेअकरा, दोन, पाच आणि नऊ या वेळा आणि प्रत्येक चौकोनात शून्य ते पाच गुण. पाच म्हणजे जिना चढवेल, शून्य म्हणजे ग्लास उचलवत नाही. शेजारी गोळीची वेळ. तीन आठवड्यांनी ती वही डॉक्टरांपुढे ठेवली तेव्हा त्यांनी ती पाच मिनिटे पाहिली आणि एकूण मात्रा एका मिलिग्रॅमनेही न वाढवता तीच सकाळी सहाला १०, साडेअकराला ५ आणि चारला ५ अशी विभागून दिली. साडेअकराच्या रकान्यातले एक आणि दोन पुढच्या महिन्यात तीन आणि चार झाले. माझ्या रक्ताच्या कोणत्याही कागदावर हा फरक दिसला नसता. म्हणून माझी आग्रहाची सूचना आहे की प्रश्नावली कोणतीही असो, तिच्या वरच्या कोपऱ्यात फॉर्म भरण्याची वेळ आणि शेवटच्या गोळीची वेळ लिहिण्याची जागा असावी. सकाळच्या ओपीडीत आणि संध्याकाळच्या दवाखान्यात एकाच रुग्णाने भरलेले दोन फॉर्म शेजारी ठेवून पाहावेत. ते दोन निरनिराळ्या बायकांचे वाटतील.

अ‍ॅडिसनच्या जगण्यात भीती हा वेगळा भाग आहे. जर्मनीत रुग्णांचा पुढे अनेक महिने मागोवा घेऊन केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शंभर रुग्णांमागे दर वर्षी सुमारे आठ वेळा अ‍ॅड्रिनल क्रायसिस म्हणजे प्राणावर बेतणारा प्रसंग आढळला आणि त्यामागे प्रामुख्याने जुलाब-उलट्यांचा जंतुसंसर्ग, ताप आणि मानसिक ताण ही कारणे होती. पावसाळ्यात ठाण्यात राहणाऱ्या माणसाला हे वाचून झोप लागणे कठीण आहे. ताप आला तर गोळी दुप्पट, ताप १०२ च्या वर गेला तर तिप्पट, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात राहतच नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन लगेच, हे मला पाठ आहे आणि इंजेक्शन माझ्या पर्समध्ये आहे. पण २००५ च्या २६ जुलैच्या महापुरात मी कुर्ला आणि विक्रोळीच्या मध्ये रुळांतून चालत आले होते, त्या वेळी मी धडधाकट होते. आज पाऊस वाढला की मी आधी पर्समधल्या गोळ्या मोजते. दोन दिवसांच्या आहेत का? या मोजण्यामुळे मी कितीदा बाहेर पडणे टाळते, भाचीच्या लग्नाला नाशिकला का गेले नाही, घरात एकटी असताना दाराची आतली कडी का लावत नाही, हे सगळे माझ्या जगण्याच्या गुणवत्तेतच येते. त्याला गुण द्यायचे झाले तर "गेल्या तीन महिन्यांत किती वेळा वाढीव गोळी घ्यावी लागली आणि किती वेळा भीतीमुळे बेत रद्द केला?" असे दोन प्रश्न पुरतील.

लैंगिक जीवनाच्या प्रश्नाबद्दल थोडक्यात. अ‍ॅड्रिनल ग्रंथी बंद पडल्या की स्त्रियांच्या शरीरातील पुरुषी हार्मोन्सचा मोठा वाटाही जातो, त्यामुळे हा प्रश्न गाळण्यासारखा नाही. पण आपल्याकडे तपासणीच्या खोलीत बाईबरोबर सासू असते, निदान नवरा तरी असतोच. फॉर्म स्वतंत्रपणे, पाटीवर लावून, शक्य तर नर्सच्या देखरेखीखाली भरून घ्यावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरच्यांनी वाचून दाखवू नये. एवढी व्यवस्था केली तर त्या एका प्रश्नाचेच काय, चिडचिड आणि रडू येण्याच्या प्रश्नांचेही उत्तर बदलेल.

मला याचीही जाणीव आहे की रुग्णाचे गुण म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. हायड्रोकॉर्टिसोन गरजेपेक्षा जास्त झाले तरी माणसाला काही काळ तरतरी येते, भूक लागते आणि गुण वाढतात. हाडे, साखर, रक्तदाब आणि कंबरेचा घेर यांची किंमत मागाहून मोजावी लागते. कमी गुण आले म्हणून दर वेळी मात्रा वाढवली तर तो या पत्राचा विपर्यास होईल. गुण कमी होण्यामागे थायरॉइड असू शकतो, रक्ताची कमतरता असू शकते, नैराश्य असू शकते, सून-मुलाशी झालेले भांडणही असू शकते. शिवाय माणूस दुखण्याला सरावतो. पहिल्या वर्षाच्या शेवटी मी स्वतःला दहापैकी आठ गुण दिले होते, कारण दहा गुणांचा दिवस कसा असतो हे मी विसरले होते. मात्रा विभागल्यावर तो आठवला आणि जुने आठ हे खरे तर पाच होते असे लक्षात आले. तेव्हा एका रुग्णाचे गुण दुसऱ्याशी ताडून पाहण्यात फारसा अर्थ नाही. त्याच रुग्णाचे, त्याच वेळेचे, एका भेटीपासून पुढच्या भेटीपर्यंतचे गुण वजन आणि रक्तदाबाच्या शेजारी लिहिले जावेत, एवढेच मी मागते आहे.

एका गटाची आठवण मुद्दाम करून देते. आपल्या देशात अ‍ॅडिसनच्या कारणांमध्ये क्षयाचा वाटा पाश्चात्य देशांपेक्षा पुष्कळ मोठा आहे, आणि क्षयावरचे रिफॅम्पिसिन हे औषध यकृतात कॉर्टिसॉलचा निचरा वेगाने करते. माझ्या बाबतीत क्षयाचे औषध आणि हायड्रोकॉर्टिसोन साधारण एकाच वेळी सुरू झाले आणि पहिले दोन महिने मी औषध घेऊनही खालावत गेले. "क्षयाचे औषध जडच असते, चिंता कमी करा" असे मला एका दवाखान्यात सांगण्यात आले. त्या डॉक्टरांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, कारण त्यांच्याजवळ माझी तुलना करायला माझ्याच मागच्या महिन्याची नोंद नव्हती. ती असती तर घसरण कागदावर दिसली असती. क्षयाचा उपचार घेणाऱ्या ज्या रुग्णांचा अशक्तपणा हटत नाही, आणि सांधेदुखी किंवा दम्यासाठी वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेऊन, किंवा कोणाच्या तरी पुडीतले अनोळखी औषध घेऊन ज्यांनी ते एकाएकी बंद केले आहे (अशांच्या ग्रंथी मंदावलेल्या असू शकतात), त्यांनाही अंधारी, खार आणि सकाळचे बळ यांबद्दलचे तीन प्रश्न विचारायला मिनिटभरही लागणार नाही.

वेळ नाही हे आपले उत्तर असेल, आणि ते खरे आहे हे बाहेरच्या बाकावर बसणाऱ्या मला ठाऊक आहे. म्हणूनच हा फॉर्म आपल्या वेळात न भरता आमच्या ताटकळण्याच्या वेळात भरला जावा; तो वेळ आमच्यापाशी भरपूर असतो. तीस प्रश्न दर वेळी नकोत. वर्षातून एकदा पूर्ण प्रश्नावली आणि प्रत्येक भेटीला वेळेच्या रकान्यांचा एक तक्ता व पाच-सहा प्रश्न पुरे होतील. आपण दोन्ही शहरांतल्या तज्ज्ञांनी मिळून एकच तक्ता ठरवला, तर डॉक्टर बदलला किंवा रुग्ण घोडबंदरहून उलव्याला राहायला गेला, तरी त्याची नोंद त्याच्याबरोबर जाईल. हा विकार दुर्मिळ आहे. एकेका दवाखान्यात आम्ही बोटांवर मोजण्याइतके असतो, आणि एकत्र मोजले तरच आमच्याबद्दल काही कळेल.

मराठी मसुद्याच्या कामासाठी मी स्वतः उपलब्ध आहे, आणि तपासणीच्या बाकावर ओळख झालेल्या आणखी चौघीजणी प्रश्न वाचून त्यांना काय समजले ते सांगायला तयार आहेत. त्यांतल्या दोघींचे शिक्षण चौथीपर्यंतचे आहे आणि त्या माझ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतील. माझ्या नऊ वह्या ज्यांना पाहायच्या असतील त्यांना मी आनंदाने दाखवीन. भेट शक्यतो सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान ठेवावी. साडेअकराला माझी दुसरी गोळी असते, आणि तिच्या आधीच्या अर्ध्या तासात मी जे बोलते त्यावर फारसे विसंबू नये, असे वह्याच सांगतात.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक रुग्ण आणि निवृत्त शिक्षिका
नौपाडा, ठाणे